पूरबाधित कोण? एका सरकारी शब्दाची पार्श्वभूमी

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते. जुलै लागला की सकाळच्या चहाआधी फुटांचा आकडा विचारला जातो. पाणी उतरल्यावर मात्र फुटांना कोणी विचारत नाही. मग दिवस मोजले जातात, पडझडीचे टक्के मोजले जातात, शिधापत्रिकेवरची नावे मोजली जातात. पुढची दोन-चार वर्षे घर सावरणार की सावकाराच्या वहीत जाणार, हे बरेचसे त्या दुसऱ्या मोजणीत ठरते. या टिपणाचा विषय ती दुसरी मोजणी आहे.

ज्या शब्दाभोवती ही मोजणी फिरते तो ‘पूरबाधित’. तीन खाती तो तीन अर्थांनी वापरतात. पाटबंधाऱ्याच्या लेखी बाधित म्हणजे नकाशावरच्या रेषेच्या आत असलेले. महसुलाच्या लेखी बाधित म्हणजे ज्याच्या घरात ठरावीक काळ पाणी राहिले तो. नगररचनेच्या लेखी आधी घर अधिकृत असावे लागते, बाधा वगैरे नंतर. त्यामुळे नदीकाठचे एकच घर रेषेच्या आत म्हणून दुरुस्तीला अपात्र, पाणी दीडच दिवस राहिले म्हणून मदतीला अपात्र आणि बांधकामाचा परवाना नाही म्हणून पडझडीच्या भरपाईलाही अपात्र ठरू शकते. त्या घरात कमरेएवढे पाणी होते याबद्दल तिन्ही खात्यांचे दुमत नसते.

नदीच्या काठाला कोण आले

काठावर वस्ती कोणाची झाली यामागे पाण्याइतकीच जातीची आणि धंद्याची कारणे आहेत. कुंभाराला माती आणि पाणी हवे, परटाला घाट हवा, गवळ्याला म्हशी डुंबायला जागा हवी. ज्यांना गावाने आत घेतले नाही त्यांना उरलेली सखल जागा मिळाली. कोल्हापूरच्या नकाशावर शाहूपुरीची कुंभार गल्ली, बापट कॅम्प, सिद्धार्थनगर, दसरा चौकाजवळचा सुतारवाडा ही नावे जयंती नाल्याच्या आणि पंचगंगेच्या अंगाला का आहेत, हे वेगळे सांगायला नको.

संस्थानकाळातला शाहू महाराजांचा १९०२ चा राखीव जागांचा हुकूम, वसतिगृहे, १९१७ चे सक्तीचे मोफत शिक्षण हे वाचकांना माहीत आहे. इथे त्यातला एकच धागा घ्यायचा आहे. १९१८ मध्ये महार वतन (गावाच्या सेवेच्या बदल्यात दिलेली जमीन) खालसा करून जमिनी रयतावा, म्हणजे सारा भरून कसायच्या, म्हणून ज्याच्या त्याच्या नावावर केल्या गेल्या. वेठ संपवायची तर माणसाच्या हातात स्वतःच्या नावाचा कागद हवा, ही त्यामागची समज होती. शेतजमिनीला असा कागद मिळाला, राहत्या घराला तो सगळीकडे मिळाला नाही. खेड्यातल्या गावठाणातील बहुतेक घरांकडे आजवर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उताराच होता, आणि तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्तापत्रक देण्याचे काम सुरू झाले ते २०२० च्या आसपास. शहरातल्या जुन्या वाड्यांत तीन-तीन पिढ्यांचे भाडेकरू आहेत, त्यांच्याकडे भाडेपावती असली तर असते. पूर येतो तेव्हा हा मागचा सगळा हिशेब पाण्याबरोबर वर येतो.

रेषा

कोल्हापूरच्या पुराचा स्वभाव कोकणातल्यासारखा नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचे पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येते (पाचवी सरस्वती गुप्त आहे), तिथून पंचगंगा संथ, वळणे घेत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच भरलेली असेल तर पंचगंगेला पुढे वाट नसते. पाणी मागे फुगते आणि नाले उलटे वाहू लागतात. म्हणून संगमाकडच्या शिरोळ तालुक्यात पाणी आठ-आठ दिवस हलत नाही, आणि शहरातल्या नाल्याकडच्या गल्लीत मध्यरात्री शिरून तिसऱ्या दिवशी सकाळी निघूनही जाते. हा फरक पुढे दिवसांच्या अटीकडे येताना लक्षात ठेवावा लागतो.

१९८९ मध्ये राज्याने पूररेषांचे नियम घालून दिले. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, तिच्या आत निषिद्ध क्षेत्र. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा, निळी ते लाल यांच्यामधले नियंत्रित क्षेत्र. या ‘वर्षांतून एकदा’ने फार घोटाळा केला आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा ‘शंभर वर्षांचा पूर होऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही’ असे लोक एकमेकांना सांगत होते. २०२१ च्या जुलैत ते ५६ फुटांच्या वर गेले. निळ्या रेषेचा खरा अर्थ दरवर्षी चार टक्के शक्यता, लाल रेषेचा दरवर्षी एक टक्का. म्हणजे निळ्या रेषेवरच्या घरासाठी कोणी ३० वर्षांचे कर्ज काढले, तर ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के निघते. लाल रेषेवर हाच हिशेब २६ टक्क्यांवर येतो. हा आकडा सदनिका विकताना कोणी सांगत नाही.

२०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीने एक सवलत दिली. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम बंदच, पण आधीपासून अधिकृत असलेल्या इमारतीचा पुनर्विकास करता येईल; जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, उंच ठेवायचे. निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यातही जोत्याची अट तीच. तांत्रिकदृष्ट्या हे ठीक दिसते. आता ‘आधीपासून अधिकृत’ हे शब्द पुन्हा वाचा. ज्याच्याकडे कागद आहे तो पाण्याच्या वर जातो. ज्याच्याकडे नाही तो होता त्या पातळीलाच राहतो, आणि शेजारी भराव पडल्यामुळे त्याचे अंगण बशीसारखे होते. उंच जोत्याच्या इमारतीचे पागोळीचे पाणीसुद्धा मग त्याच बशीत येते.

चिखली आणि आंबेवाडी या नदीकाठच्या गावांचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९८९ च्या पुरानंतर चिखलीकरांना सोनतळीला भूखंड मिळाले. आजही पाणी वाढू लागले की माणसे-जनावरे सोनतळीला जातात आणि उतरले की मूळ गावात परततात. ‘भूखंड दिले तरी हटत नाहीत’ हे वाक्य कार्यालयांत फार ऐकू येते. शेत नदीकाठी, वैरण नदीकाठी, उकिरडा आणि डेअरी गावात. आणि सरकारने दिलेली जागा सहसा भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. अशा जागेवर माणूस पत्र्याची शेड मारतो, चिरेबंदी घर बांधत नाही. हट्टापेक्षा हिशेब इथे जास्त आहे.

दोन दिवस

आता ज्या निर्णयावर सगळ्यात जास्त शाई सांडली तो. ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, शहर तुटलेले, चिखली-आंबेवाडीत लोक गच्च्यांवर. अशात मोफत धान्याचा आदेश निघाला: कुटुंबाला १० किलो गहू, १० किलो तांदूळ, पण क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त काळ बुडालेले असेल तर. राज्यभर संताप झाला. ‘दोन दिवस बुडा, मग जेवा’ अशा अर्थाची टीका सगळीकडून झाली.

प्रशासनाचे उत्तर होते की अट नवी नाही, आणि ते खरे होते. आपत्ती निधीच्या केंद्रीय निकषांत कपडे आणि भांडी-घरगुती वस्तूंची मदत कोणाला, याची व्याख्या आहे: घर वाहून गेलेले, पूर्ण पडलेले किंवा ठरावीक काळ पाण्यात बुडालेले. २०१५ पूर्वी हा काळ एक आठवड्याहून जास्त असा होता. २०१५ च्या निकषांत तो दोन दिवसांहून जास्त असा झाला, म्हणजे खरे तर अट सैल झाली होती. रक्कम होती कपड्यांना १,८०० आणि भांड्यांना २,०००. राज्याने २०१९ ला त्यात भर घालून ग्रामीण भागात १०,००० आणि शहरी भागात १५,००० रुपये जाहीर केले. त्यातले ५,००० रोख, उरलेले खात्यावर.

तर मग चुकले कुठे? दिवसांची अट वस्तूंच्या नासाडीसाठी केलेली होती, ती भुकेला लावली गेली. हा एक भाग. पण माझ्या मते वस्तूंच्या बाबतीतही ती चुकीचीच आहे, आणि त्यावर कमी बोलले गेले. ज्वारीच्या पोत्याला भिजायला ४८ तास लागत नाहीत, दोन तास पुरतात. गादी, वह्या-पुस्तके, शिलाई मशीनची मोटर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, आजारी माणसाच्या गोळ्यांचा डबा, सगळे पहिल्या रात्रीच जाते. उलट पांढऱ्या मातीची भिंत पुष्कळदा पाण्यात असताना तग धरते; पाणी उतरून ऊन पडले की ती आकसते, तडे जातात आणि आठ-पंधरा दिवसांनी ती बसते. म्हणजे वस्तू अटीच्या आधी संपतात आणि भिंत पंचनाम्याच्या नंतर पडते. दोन दिवस या मापात दोन्हीपैकी काहीच बसत नाही.

शिवाय पाणी किती वाजता आले याची नोंद कोण ठेवतो? नदी रात्री दोनला गल्लीत शिरते. घरातले म्हातारी, मुले, सिलिंडर, तिजोरीतला डबा यांच्या मागे असतात. तलाठी नंतर बंधाऱ्यावरच्या फुटांचा तक्ता घेऊन अंदाज बांधतो की अमुक फुटांना अमुक गल्लीत पाणी असते, म्हणजे अमुक तास राहिले असणार. पण नाल्यातून उलटे येणारे पाणी बंधाऱ्याचे वेळापत्रक पाळत नाही. एकाच गल्लीत वरच्या टोकाला ४० तास आणि खालच्या टोकाला ६० तास, असे सर्रास होते. मग वरच्या टोकाची चार घरे यादीतून गळतात आणि पुढच्या पुरात ती चार कुटुंबे पाणी उतरले तरी ‘अजून आहे’ म्हणतात. त्याला लबाडी म्हणणे सोपे आहे.

पंचनामा प्रत्यक्षात कसा होतो

खेड्यात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक; शहरात महसूल आणि पालिकेचे कर्मचारी जोडीने. दोन पंचांच्या सह्या, फोटो, आधार, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, शिधापत्रिका. बिघाड होतो तो असा.

भिंतीवरची पाण्याची रेघ हा एकमेव साक्षीदार असतो. पण पाणी उतरले की बाया आधी घर धुतात, कारण गाळ वाळला की सिमेंटसारखा होतो आणि मग फावड्याशिवाय निघत नाही. पथक पाचव्या दिवशी येते तेव्हा रेघ पुसलेली असते. जितके स्वच्छ घर, तितका कमकुवत पुरावा.

कुटुंब म्हणजे शिधापत्रिका, हा दुसरा घोटाळा. एका पत्रिकेवर आई-बाप आणि तीन भावांची बिऱ्हाडे असतात, चुली तीन, भांडी तीन संसारांची, मदत एक. उलट ज्याच्या घरी वेळेत पत्रिका विभक्त केली गेली त्याला तीन. शहाणी घरे हे पावसाळ्याआधीच उरकतात. तहसीलला खेटे घालायला ज्याला मजुरी बुडवावी लागते त्याचे राहून जाते. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या परप्रांतीय कामगाराची पत्रिका तर त्याच्या गावाकडे असते. त्याची मजुरी कापडाच्या मीटरवर, माग थांबला की कमाई शून्य, आणि खोलीमालकाचा पंचनामा झाला तरी आतल्या पेटीतले सामान कोणाचे, हे लिहिले जातेच असे नाही.

भाडेकरूची गोष्ट इथेच येते. नियमाने घराच्या पडझडीची रक्कम मालकाला आणि कपडे-भांड्यांची रक्कम राहणाऱ्याला. कागदावर वाद नाही. पण पथकासमोर मालक म्हणतो, भाडेकरू गेल्या वर्षीच सोडून गेला. का? तर भाडेकरूचे नाव सरकारी कागदावर एकदा चढले की वाडा पाडताना तो हक्क सांगेल ही भीती. ४,००० रुपयांच्या मदतीमागे ४० लाखांच्या जागेचे भांडण असते.

आणि घराची भरपाई. २०१५ च्या निकषांत सपाट भागातले पूर्ण पडलेले घर ९५,१०० रुपये. अंशतः पडलेल्याला किमान १५ टक्के नुकसान हवे, पक्क्याला ५,२०० आणि कच्च्याला ३,२००. पुढे २०२२ पासून पूर्ण घराला १,२०,००० आणि कपडे-भांड्यांना प्रत्येकी २,५०० झाले. मधल्या २०२१ च्या पुराला राज्याने स्वतःचे दर लावले: पूर्ण घराला दीड लाख, १५ टक्के पडझडीला १५,०००, घरगुती सामानाला १०,०००. रक्कम वाढली, तळटीप तीच राहिली. केंद्राच्या निकषांतली ती टीप सांगते की पडलेले घर सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले अधिकृत बांधकाम असावे. आपत्तीच्या मदतीचा आणि बांधकाम परवान्याचा संबंध जोडणारे हे एक वाक्य. त्यामागचा विचार असा सांगतात की नदीपात्रातल्या अतिक्रमणाला सरकारी पैशाने बळ मिळू नये. विचार चुकीचा नाही. पण मग नाला बुजवून उभ्या राहिलेल्या, परवाना असलेल्या संकुलाला तो कुठे लागू होतो? तिथे कागद आहे.

मातीची भिंत उशिरा पडली तर फेरपंचनाम्याचा अर्ज करता येतो. तो लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि पहिल्या पंचनाम्याची प्रत जोडावी. बहुतेकांकडे ती प्रतच नसते, कारण कोणी मागून घेत नाही. पहिल्या वेळी ‘१५ टक्के’ लिहिलेले घर पूर्ण पडल्यावरही त्यामुळे १५ टक्केच राहते.

मूर्ती, म्हैस आणि ऊस

२०१९ ला गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती आणि पाणी आले ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. कुंभार गल्लीत त्या वेळी मूर्ती रंगाच्या टप्प्यावर असतात. शाडूची मूर्ती भिजली की परत चिखल होते. प्लास्टरची उभी राहते, पण रंग सोलतो आणि आतून मऊ पडून हात-सोंड गळते. वर्षाचा धंदा या एका महिन्यात, भांडवल उसनवारीचे, बऱ्याच मूर्तींची आगाऊ रक्कम घेतलेली. निकषांत कारागिराला अवजारांसाठी ४,१०० आणि कच्च्या-तयार मालासाठी ४,१०० रुपये होते. एका मंडळाच्या मोठ्या मूर्तीची किंमत यापेक्षा जास्त असते. २०२१ ला दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५०,०००, आणि टपरीवाल्याला १०,००० जाहीर झाले. कुंभाराने दुकानदारात बसायचे की कारागिरात, हा प्रश्न मग यादी करणाऱ्याच्या मर्जीवर.

म्हशीचे वेगळे. निवारा केंद्र शाळेत किंवा मठात असते, तिथे जनावराला जागा नसते, म्हणून घरातला एक पुरुष गोठ्यापाशी थांबतो. गच्चीवरून सुटका केलेल्यांत असे पुष्कळ होते. त्यांना ‘सांगूनही न हललेले’ म्हटले गेले. दुभत्या म्हशीला ३०,००० रुपये मदत होती, एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीन मोठ्या जनावरांची, आणि पशुवैद्यकाचा दाखला आवश्यक. वाहून गेलेल्या म्हशीचे शवविच्छेदन कशाचे करणार?

शेतात २०१५ च्या निकषांनी बागायतीला हेक्टरी १३,५०० रुपये होते, दोन हेक्टरपर्यंत, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर. उसाचा शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस तग धरतो; शेंडा बुडाला आणि पोंग्यात गाळ बसला की आठवड्यात कुजतो. रक्कम सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. वाट्याने करणाऱ्याचे बी, खत, मेहनत गेली तरी त्याचे नाव उताऱ्यावर नाही. भांगलणीच्या बाईची दीड महिन्याची मजुरी बुडते, तिला तर या तक्त्यात रकानाच नाही.

पाणी उतरल्यावर

आरोग्याचा भाग बहुतेक अहवालांत शेवटच्या परिच्छेदात येतो, आणि तिथे तो चुकीच्या जागी आहे. २०१९ ला आणि २०२१ ला शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथले पाणी उपसा पंप बुडाले. चहूकडे पाणी आणि नळ कोरडा. उंचावरच्या वसाहतींत कूपनलिका होत्या. गल्ल्यांत टँकरची वाट. टँकर रुंद रस्त्याला थांबतो, बोळात जात नाही. घागरी वाहणारे हात बायकांचे आणि पोरींचे.

टँकरच्या किंवा विहिरीच्या पाण्याला टीसीएल, म्हणजे क्लोरीनची, पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम, ती ३३ टक्के ताकदीची असेल तर. आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ ओतायची आणि अर्धा तास थांबायचे. ओटी चाचणीत पिवळा रंग आला की क्लोरीन उरला आहे. हे पुस्तकातले. पावसाळ्यात फोडून ठेवलेल्या पोत्यातली पावडर दमट होते, ताकद निम्म्यावर येते, आणि माप तेच राहते. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतो, म्हणून आधी तुरटी फिरवून निवळणे आवश्यक. घाईत ते राहते. इचलकरंजीने २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ पाहिली आहे, तीही पूर नसताना, पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून. त्या काविळीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. गरोदर बाईला तो जिवावर बेततो. लेप्टोला (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप) साधारण एक-दोन आठवडे लागतात. म्हणजे निवारा केंद्र बंद झाले, छावणीतला डॉक्टर परत गेला, पंचनाम्याची मुदत संपली, की आजार सुरू. त्याची नोंद मग ‘पुराचा परिणाम’ म्हणून होत नाही.

लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची मात्रा आठवड्यातून एकदा, चिखलात काम सुरू असेपर्यंत देतात. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालची मुले वगळून. सगळ्यात जास्त चिखलात कोण असते? कंत्राटी सफाई कामगार. कायम कर्मचाऱ्याला गमबूट नोंदवहीवर मिळतात, कंत्राटीला ठेकेदाराकडून, म्हणजे कधी मिळतात, कधी नाही. पायाला चीर असली की गोळीही अपुरी पडू शकते.

आणि हप्ता. बचत गटाचे, लघुकर्जाचे हप्ते आठवड्याला. मदतीचे रोख ५,००० हातात आले की पहिला वाटा तिकडे जातो, दुसरा गॅसच्या शेगडीला. मधुमेहाच्या गोळ्या, चष्मा, मुलीचे कॉलेजचे पुस्तक या गोष्टी पुढच्या महिन्यावर जातात. २०१९ चा खड्डा भरण्याआधी २०२१ आला, त्याला ज्यांच्याकडे सोने उरलेले नव्हते त्यांनी घर सोडले. सुखवस्तू नागाळा पार्क आणि व्यापारी पेठेतही दोन्ही वेळा पाणी होते. तिथे विमा होता, वरचा मजला होता, पुण्याला मुलगा होता. ‘पूर सगळ्यांना सारखाच’ हे वाक्य पाणी चढत असतानाच खरे असते.

सध्या सगळी चर्चा कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे वळली आहे. धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ करायला विरोध हवाच, त्याचे फुगवट्याचे गणित तज्ज्ञांनी मांडावे. पण राजकारण्यांना अलमट्टी सोयीची पडते, कारण ती शेजारच्या राज्यात आहे. शिधापत्रिका, नमुना आठ, ‘अधिकृत’ची तळटीप हे सगळे आपल्याच तहसील कचेरीत आहे, आणि २०२४ च्या जुलैत पाणी पुन्हा धोका पातळीच्या वर गेले तेव्हा त्यातले काही बदललेले नव्हते.

काठावरच्या घरांनी आपली पद्धत बसवून घेतली आहे. कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पिठाच्या डब्यात, डबा माळ्यावर. पाणी उंबऱ्याला लागले की मोबाइलने एक फोटो, वेळ दिसेल असा. उंबऱ्यावरून उतरले की दुसरा. घर धुण्याआधी चारही भिंतींवरच्या रेघेचा फोटो, शेजारी उभा धरलेला टेप. आणि रेघेवरच ऑइलपेंटने साल: २००५, १९, २१. सुतारवाड्यातली कुटुंबे चित्रदुर्ग मठात जायला निघतात तेव्हा पहिला फोटो बहुतेकांच्या मोबाइलमध्ये असतो. दुसऱ्याला अडचण येते, कारण पाणी उतरते तेव्हा ती मठात असतात.